कॅन्सरच्या जनुकीय कारणांवर संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर, सोसायटीच्या गणपतीची आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता, हे प्रश्न मला गेली २५ वर्षं विचारले जात आहेत. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर दिलं जातं आणि घरी आल्यावर रुखरुख लागून राहते. म्हणून इथे सवडीने लिहून ठेवते आहे. विद्यार्थ्यांचे प्रश्न आणि पेशंटच्या घरच्यांचे प्रश्न मी वेगवेगळे केलेले नाहीत. पीएच.डी.ला काय लागतं हे विचारायला आलेल्या मुलीची आई त्याच वर्षी केमो घेत असते, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

तुम्ही डॉक्टर आहात का?

औषध देणारी डॉक्टर नाही. माझी पीएच.डी. पेशीविज्ञानातली आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमागचे जनुकीय बदल शोधते. आठवड्यातला एक दिवस हॉस्पिटलमध्ये, कुटुंबांना आनुवंशिक धोका समजावून सांगणाऱ्या समुपदेशकांच्या शेजारी बसते, कारण कुटुंबांशी बोलल्याशिवाय माझ्या कामाला दिशा मिळत नाही. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्या. इथे लिहिलेलं वाचून कुठलंही औषध सुरू करू नका, बंदही करू नका.

कॅन्सर आनुवंशिक असतो का?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट पोचलं, तरी हे सगळं लिहिल्याचं सार्थक होईल.

आपण ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच घोळ होतो. कॅन्सर जनुकीय असतोच, प्रत्येक कॅन्सर. शरीरातल्या कुठल्या तरी एका पेशीच्या डीएनएत बदल साठत जातात आणि मग ती पेशी ‘आता पुरे, थांब’ हा निरोप ऐकेनाशी होते. पण हे बदल बहुतेक वेळा जन्मानंतर, त्या एकाच अवयवातल्या पेशींत झालेले असतात. ते आईवडिलांकडून आलेले नसतात आणि मुलांकडे जातही नाहीत. आईवडिलांकडून आलेल्या बदलामुळे होणारा, म्हणजे खऱ्या अर्थाने आनुवंशिक कॅन्सर, १०० पेशंटांपैकी साधारण ५ ते १० जणांना असतो.

मग बाकीच्यांच्या डीएनएत बदल येतात कुठून? एका पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा एक संच आईकडून आलेला असतो, तेवढाच दुसरा वडिलांकडून. पेशी दुभंगायच्या आधी या सगळ्याची नक्कल उतरवली जाते. नक्कल उतरवताना चुका होतात, पेशी त्यातल्या बहुतेक दुरुस्तही करते, पण एखादी राहून जाते. वय वाढेल तशा या चुका साठतात, आणि उतारवयात कॅन्सर जास्त दिसण्याचं मोठं कारण हेच. त्यात तंबाखू, काही विषाणू, काही रसायनं भर घालतात. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे आणि त्यामागे तंबाखू आहे. आपल्या खेड्यांत मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका ‘मी तंबाखू खात नाही हो, नुसते दात घासते’ असं अगदी मनापासून सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

एकदा तीन सख्खे भाऊ आले होते. थोरल्याचं जबड्याचं ऑपरेशन झालेलं. ‘आमच्या घराण्यातच आहे, आजोबांनाही होता, आमची जनुकं तपासा’ असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता धाकट्याने सवयीने पुडी काढून तळहातावर मळायला घेतली. त्या घरात आजोबांपासून चालत आली होती ती तंबाखू. घराण्यात कॅन्सर दिसला की तो जनुकातूनच आला असं लगेच धरून चालू नका. सवयीसुद्धा एका पिढीकडून दुसरीकडे जातात आणि त्या बदलता येतात.

मग आनुवंशिक प्रकारात नेमकं काय होतं?

स्कूटर डोळ्यांसमोर आणा. पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक. पेशीची वाढ रोखणाऱ्या जनुकांच्याही अशाच दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक केबल तुटली तरी दुसऱ्या ब्रेकवर गाडी थांबते. कॅन्सर व्हायला दोन्ही तुटाव्या लागतात. बहुतेकांच्या दोन्ही केबल जन्मतः शाबूत असतात, त्यामुळे एकाच पेशीत दोन्ही तुटायला फार काळ लागतो. आनुवंशिक प्रकारात एक केबल जन्मापासूनच तुटलेली असते, आणि तीही शरीरातल्या झाडून सगळ्या पेशींत. दुसरी कुठल्या तरी एका पेशीत तुटली की कात्रजचा घाट बिनब्रेकचा उतरायला लागतो. म्हणून अशा घरांत कॅन्सर कमी वयात होतो, दोन्ही बाजूंना होतो, एकाहून जास्त अवयवांत होतो.

ही कल्पना आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ साली मांडली. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या कॅन्सरच्या ४८ केसेस आणि थोडं गणित, एवढ्या सामग्रीवर. जनुक कुणी पाहिलेलं नव्हतं, ते हाती यायला पुढची दीड दशकं गेली. विद्यार्थ्यांना मी हा शोधनिबंध पहिल्याच आठवड्यात वाचायला देते, कारण तो वाचल्यावर महागड्या यंत्रांची वाट बघत बसायचं कारण उरत नाही.

आमच्या घरात तपासणी करायला हवी का, हे कसं ओळखायचं?

आधी वंशावळ काढा, रक्त नंतर. आम्हीही तेच करतो. कागदावर पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, कॅन्सर झाला असेल तर आकृती काळी भरायची, व्यक्ती हयात नसेल तर वरून तिरकी रेघ. किमान तीन पिढ्या. प्रत्येकाला कुठल्या अवयवाचा कॅन्सर झाला आणि कितव्या वर्षी, हे शेजारी लिहायचं.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझ्या कामातला हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो अवघड आहे आपल्या घरांच्या रीतीमुळे. एक तर आजाराचं नाव घेतलं जात नाही. ‘तिला तो आजार होता’, ‘गाठ होती म्हणे’, ‘शेवटी शेवटी पोटात पाणी झालं होतं’, एवढंच माहीत असतं. दुसरं म्हणजे स्तनाचा कॅन्सर हा बायकांचा, म्हणजे तो आईकडूनच येणार, असा पक्का समज. त्यामुळे लोक आजी आणि मावशा सांगतात, आत्यांची नावंच घेत नाहीत. बदललेलं जनुक वडिलांकडूनही तितकंच येऊ शकतं. वडिलांना स्वतःला बऱ्याचदा काही होत नाही, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी.

सासवडकडच्या एक बाई आल्या होत्या. वय ३८, एका स्तनाचा कॅन्सर झालेला. आईकडे कुणालाच काही नाही. वडिलांकडचं विचारलं तर म्हणाल्या, ‘त्यांचं कशाला? ते तर ठणठणीत आहेत.’ बहिणी किती होत्या त्यांना? दोन. एक पोटात पाणी होऊन गेली, पन्नाशीच्या आत. दुसरीच्या छातीत गाठ होती, तिने कुणाला दाखवलीच नाही. माझी पेन्सिल तिथेच थांबली. कारण पोटात पाणी होऊन गेलेली बाई बऱ्याचदा अंडाशयाच्या कॅन्सरने गेलेली असते. कागदपत्र शोधायला गेलो तर लग्नात दोघींचीही नावं बदललेली, मृत्यूचा दाखला सासरच्या नावाने, आणि माहेरी कुणाला ते सासरचं पूर्ण नाव नीट सांगता येईना. शेवटी बाईंच्या वडिलांनी, वय ७४, एका चुलतभाच्याला बरोबर घेऊन दोन गावं पालथी घातली आणि जुन्या केसपेपरचा फोटो पाठवला. चाचणी झाली. बदल वडिलांच्या बाजूनेच आला होता. त्यानंतर त्या घरातल्या पाच जणी आपणहून तपासणीला आल्या.

म्हणून सांगते, यंदा दिवाळीत सगळे जमाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्क बाईजवळ बसा आणि लिहून घ्या. आत्यांचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, आजार, वय. हे तिच्याबरोबर गेलं की कुठल्याही प्रयोगशाळेत सापडत नाही.

समुपदेशकाकडे कधी जावं, तर: पंचेचाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांचा कॅन्सर, कुठल्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, किंवा एकाच बाजूच्या नात्यात कमी वयात आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर. आणि चाचणी शक्यतो ज्यांना कॅन्सर झाला आहे त्यांची आधी करतात. त्यांच्यात बदल सापडला, तर तोच नेमका बदल बाकीच्यांमध्ये शोधता येतो. ठणठणीत बहिणीची आधी चाचणी केली आणि काही सापडलं नाही, तर त्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही.

लहान मुलांची चाचणी करून घ्यावी का?

मोठेपणी होणाऱ्या कॅन्सरसाठी, नाही. १८ वर्षांनंतर त्यांचा निर्णय त्यांनाच घेऊ द्या. डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरसारख्या बालपणीच्या आजारांत मात्र चाचणी लवकर करावी लागते, आणि ते डॉक्टर स्वतःच सांगतात.

बदल सापडला म्हणजे कॅन्सर होणारच का?

होणारच असं नाही. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या बीआरसीए-१ या जनुकात घातक बदल असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ६० ते ७० जणींना आयुष्यात कधी तरी स्तनाचा कॅन्सर होतो. धोका मोठाच आहे, पण त्याच आकड्यात ३०-४० जणी अशाही आहेत ज्यांना तो होत नाही. आणि माहिती हाती असली की करण्यासारखं पुष्कळ असतं. साधारण पंचविशीपासून दर वर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी खात्रीची तपासणी नाही. म्हणून बीआरसीए-१ असलेल्या बायकांना मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४०च्या दरम्यान, अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. हा निर्णय अतिशय खासगी आहे. त्यासाठी वेळ घ्या, दोनदा-तीनदा समुपदेशकाकडे जा, नवऱ्याला बरोबर न्या, सासूबाईंनाही न्या. बाईच्या शरीराचा निर्णय तिच्या गैरहजेरीत घरच्यांनी घेतलेला मी पाहिला आहे आणि ते बघताना मला फार त्रास झाला आहे.

रिपोर्टवर ‘अनिश्चित’ लिहून आलं आहे. आता काय?

रिपोर्टवर त्याला व्हीयूएस म्हणतात, म्हणजे ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही असा बदल. जनुकात एक अक्षर वेगळं दिसलं, पण ते निरुपद्रवी आहे की घातक, हे सांगण्याइतका पुरावा जगात अजून जमलेला नाही. यावरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. प्रयोगशाळेचा रिपोर्ट जपून ठेवा आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारा. बरेचसे असे बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये हा शेरा जास्त येतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. जगातली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून जमलेली आहे. त्यांच्यात न दिसलेला, पण आपल्याकडे कदाचित अगदी साधा असलेला बदल यंत्राला अनोळखी वाटतो. एक २९ वर्षांची मुलगी असा रिपोर्ट हातात घेऊन माझ्यासमोर बसली होती. महिनाभर नीट झोपलेली नव्हती, ठरत आलेलं लग्न तिने स्वतः थांबवलं होतं. तिच्या रिपोर्टमधला बदल नंतर निरुपद्रवी ठरला. पण तो महिना तिला कोण परत देणार? जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएतली सगळी अक्षरं, वाचले गेले आणि २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली, तेव्हा मला त्या मुलीची आठवण आली. माझ्या प्रयोगशाळेचं आजचं निम्मं काम असे ‘अनिश्चित’ बदल पेशींत घालून, डीएनएची दुरुस्ती बिघडते की नाही हे बघण्याचं आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सरही जनुकीयच का? मग त्यावर लस कशी?

तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हेराल्ड त्सुर हाउसेन यांना या शोधासाठी २००८ साली नोबेल मिळालं. पण विषाणू पेशीत शिरून करतो काय? त्याची प्रथिनं पेशीचे तेच ब्रेक निकामी करतात, ज्यातला एक नूडसन यांच्या डोळ्याच्या कॅन्सरमधला आहे. वाट वेगळी, तुटते तीच केबल. विषाणूलाच अडवलं तर पुढचं टळतं. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ साली आली. मुली लहान असतानाच ती द्यायची असते. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

या संशोधनातून पेशंटच्या हाती काय पडतं? इतकी वर्षं ऐकतोय.

प्रश्न रास्त आहे. एकच उदाहरण पुरेसं होईल. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, सीएमएलमध्ये, एक गुणसूत्र आखूड दिसलं. (पेशीतला डीएनए ज्या तुकड्यांत गुंडाळलेला असतो, ती गुणसूत्रं.) १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की ते नुसतं तुटलेलं नाही, ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. या अदलाबदलीतून एक प्रथिन तयार होतं, जे कधी बंदच होत नाही. त्याला बंद करणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. ४१ वर्षं लागली. पण त्याआधी जो आजार काही वर्षांत माणसाला संपवायचा, तो आता बहुतेकांना रोज गोळी घेऊन सांभाळता येतो. २०१३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या भारतातल्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आपल्याकडे त्याची स्वस्त गोळी मिळत राहिली. सीएमएल झालेले एक रिक्षावाले काका मला दर महिन्याला औषध न्यायला आलेले दिसतात. स्वतः रिक्षा चालवत येतात.

बीआरसीएचंही तसंच आहे. मेरी-क्लेअर किंग यांनी दीड दशकाहून जास्त काळ कुटुंबांच्या वंशावळी धुंडाळून १९९० साली ते जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं, तोवर स्तनाचा कॅन्सर एका जनुकातून घराण्यात उतरू शकतो ही कल्पनाच बहुतेकांना पटत नव्हती. १९९४ साली जनुक हाती आलं, २०१४ साली त्या दोषावरच नेम धरणारं ओलापॅरिब हे औषध आलं.

प्रयोगशाळेतला दिवस कसा असतो?

सकाळी आल्या आल्या इन्क्युबेटर, म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट, उघडायचा. आत ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. फ्लास्कमधल्या द्रवाचा रंग बघायचा. हा द्रव, मिडियम, म्हणजे पेशींचं अन्न. ताजं मिडियम कोकम सरबताच्या रंगाचं असतं. पेशी भरपूर वाढल्या की आम्लता वाढून ते नारिंगी, मग पिवळं होत जातं. रंगावरून पेशी भुकेल्या आहेत का ते कळतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली फ्लास्क. निरोगी पेशी तळाला चिकटून पसरलेल्या दिसतात, मरणाऱ्या गोल होऊन तरंगतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आमची खरी परीक्षा असते, हवा दमट आणि तिच्यात बुरशी. एखाद्या सकाळी फ्लास्कमध्ये पाण्यात पिंजलेला कापूस सोडावा तसा पुंजका दिसतो आणि तीन आठवड्यांचं काम ओतून द्यावं लागतं.

दुपारी संगणक, शोधनिबंध, विद्यार्थ्यांशी वादविवाद. पेशींना रविवार नसतो. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद असतात, म्हणून आदल्या रात्री ११ वाजता येऊन मिडियम बदलणारे विद्यार्थी माझ्याकडे आहेत. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं असं वाटतं.

तुमचं सगळ्यात मोठं अपयश कोणतं?

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर एक जनुक बंद-चालू करून बघत होते. पेशींची ती लाइन, म्हणजे एकाच नमुन्यापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी, ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून आणलेली. निकाल सुंदर येत होते. शोधनिबंध पाठवण्याआधी मार्गदर्शकांनी पेशींच्या डीएनएचे ठसे तपासायला सांगितले. रिपोर्ट आला: त्या स्तनाच्या पेशी नव्हत्याच. त्या हेला होत्या, १९५१ साली बाल्टिमोरमधल्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून काढलेल्या पेशी. त्या इतक्या जोमाने वाढतात की एक थेंब जरी दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडला तरी काही आठवड्यांत फ्लास्क त्यांचाच होतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हे घडलेलं आहे.

१४ महिने गेले. चार वह्या. त्या रात्री मी वसतिगृहावर गेले नाही, प्रयोगशाळेतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी चारही वह्यांच्या पहिल्या पानावर काय झालं ते तारखेसह लिहायला लावलं आणि एकही पान फाडू दिलं नाही. त्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही लाइन आली की आधी तिचे ठसे तपासले जातात, मगच पहिला प्रयोग.

हे काम करायला परदेशातच जावं लागतं का? पुण्यात काय आहे?

पुण्यात खूप आहे. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशभरच्या प्रयोगशाळांना खात्रीच्या पेशी पुरवणारा साठा तिथे आहे. पाषाणला २००६ साली सुरू झालेली आयसर ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. जीनोमच्या माहितीचे डोंगर उपसायला सी-डॅकसारखी संस्था आहे. दोन-तीन तासांवर खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. बाहेर जरूर जा, नवं शिकून या. पण गेल्याशिवाय काही होतच नाही, हे खरं नाही.

आणि या क्षेत्रातली आपली थोरली बाई पुण्याचीच. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. हुजूरपागा शाळेत शिकल्या, मग फर्ग्युसन कॉलेजात. वडील फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवत. एम.एस्सी.ला पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. तिथून मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्याकडे कॅन्सरवर पीएच.डी., १९४९ साली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हो, ज्यांनी हेला पेशी वाढवल्या तेच गाय. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणारी प्रयोगशाळा, उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही संशोधकांत त्या होत्या. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. लक्ष्मी रस्त्यावरून हुजूरपागेसमोरून जाताना शाळा सुटलेली असली की मी मुद्दाम जरा थांबते.

नीटमध्ये नंबर लागला नाही, म्हणून इकडे आलं तर चालेल का?

चालेल, पण वर्षभरात स्वतःला पुन्हा विचारा. मनातून अजून डॉक्टरच व्हायचं असेल तर प्रयोगशाळेत जीव रमणार नाही. बारावीनंतरच्या वाटा थोडक्यात: आयसरची पाच वर्षांची बी.एस.-एम.एस., त्यासाठी त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. किंवा फर्ग्युसन, स. प., गरवारे, मॉडर्न अशा कॉलेजातून बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. एमबीबीएस, पुढे पॅथॉलॉजीत एम.डी. करून संशोधनाकडे वळलेले लोक तर आम्हाला हवेच असतात. गणित सोडू नका. आज माझ्या गटात पिपेट धरणाऱ्यांइतकेच पायथॉन या संगणकाच्या भाषेत काम करणारे आहेत.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना काळजी वाटते. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीतून शिकले. इंग्रजी दोन वर्षांत येतं. ‘मला हे कळलं नाही’ असं वर्गात उठून म्हणायची सवय त्याहून जास्त उपयोगी पडते.

पैसे किती मिळतात? किती वर्षं लागतात?

एम.एस्सी.नंतर नेट किंवा तत्सम परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं भत्ता. २०२३पासूनचे हे दर आहेत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉकची, म्हणजे पदवीनंतर दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करण्याची, तीन-चार. म्हणजे कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, तीही सगळ्यांना नाही. शिष्यवृत्तीचे पैसे कधी कधी महिनोन्‌महिने अडकतात. घरावर कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर हा हिशोब आधी मांडा. त्यात कमीपणा नाही. औषध कंपन्या, निदान प्रयोगशाळा, जनुकीय समुपदेशन हेही याच विषयातले चांगले रस्ते आहेत.

मुलींना लग्न आणि मूल याबद्दल विचारायचं असतं, पण त्या दार लावून घेऊन विचारतात. मला पीएच.डी.नंतर मुलगा झाला, दोन वर्षं घरी होते, परत येणं कठीण गेलं. अशा खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी आता बायोकेअरसारख्या शासकीय शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज करा. आणि सासरच्यांना एकदा प्रयोगशाळा दाखवायला घेऊन या. माझ्या सासूबाईंनी सूक्ष्मदर्शकातून पेशी दुभंगताना पाहिली, त्यानंतर रात्री उशीर झाला तर डबा त्याच पाठवायच्या.

आमचं रक्त आणि गाठीचा तुकडा संशोधनासाठी मागतात. द्यावा का? पुढे त्याचं काय होतं?

तुकडा बायोप्सीतून किंवा ऑपरेशनमधून आधीच काढलेला असतो, त्यासाठी वेगळी चिरफाड होत नाही. त्याला क्रमांक मिळतो, नाव काढून टाकलं जातं. काही भाग पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात, काही उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. माझ्या हाती येतो तो क्रमांक, वय आणि निदान. तुम्ही नाही म्हणालात तर उपचारात काडीचाही फरक पडत नाही, पडता कामा नये. आणि दिलेली संमती नंतर मागे घेता येते.

एका आजींनी मला विचारलं होतं, ‘माझ्या नातीला उपयोग होईल का गं याचा?’ मी म्हटलं, तुमच्याच नातीला होईल असं सांगू शकत नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘कुणाची तरी असेलच की.’

संमतीपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. पानं जास्त असतात, ओपीडीच्या गर्दीत वाचून होत नाहीत. घरी न्या, घरातल्या वाचणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, जे कळणार नाही तिथे पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या वेळी ती खूण आम्हाला दाखवा. सही त्यानंतर.